सुनूच्या जेवणाची वेळ

क्रिकेटचा सामना बघायला येऊन चेंडूकडं न बघणारी बाई या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि ती आमच्या बोरगावात, माझ्या घरासमोर राहते. पद्माक्का. भारताकडून सुनू धावत येते, चेंडू टाकते, यष्टी उडते, माझ्या सोप्यात जमलेली गल्ली नाचायला लागते, आणि पद्माक्का टीव्हीजवळ जाऊन उरलेल्या यष्ट्यांच्या सावलीवर बोट ठेवतात.

"सावली लांबली, गुरुजी. ह्यास्नी जेवाय कवा सोडत्यात?"

"आक्का, विकेट पडली."

"पडू दे. दीस बुडाय आलाय."

सुनू ही त्यांची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा सुनू चार वर्षांची आणि पद्माक्का अठराच्या. तेव्हापासून चार एकर ऊस, दोन म्हशी आणि ही बहीण एवढा संसार त्यांनी एकटीनं ओढला. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायच्या, "बघू, सुनू झोपली की." सुनू आता सत्तावीस वर्षांची आहे. माणसांशी त्या मराठीत बोलतात, म्हशींशी कन्नडात. "चिक्कोडीच्या बाजारातनं आणल्यात. त्यास्नी मराठी कळत न्हाय." म्हैस आंबोणावर तुटून पडली की तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "निधान, निधान." म्हणजे सावकाश.

घर जैन. सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हा नेम पद्माक्कांनी आईच्या जागी बसून सुनूला लावला, आणि सुनूनं तो विमानात बसून जगभर नेला. त्यात मी सापडलो, कारण मी हायस्कूलात भूगोल शिकवतो. दौरा ठरला की पद्माक्का दारात हजर.

"गुरुजी, लंडनात दीस कवा बुडतो?"

जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावर, मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नवाला? लई धर्माचा देश हाय."

तेव्हापासून जगाची त्यांनी आपली प्रतवारी लावलीय. इंग्लंड सगळ्यांत सात्त्विक, न्यूझीलंड त्याच्याखाली. आपल्याकडं हिवाळ्यात सहालाच अंधार, म्हणून भारत तळाला. आता तर मी चुकतो आणि त्या दुरुस्त करतात. "मेलबर्न आठ चाळीस, गुरुजी. पोरांस्नी काय शिकवताय तुम्ही?"

पण या बाईला क्रिकेटमधलं कळत नाही असं समजू नका. सुनूला गोलंदाज कुणी केलं म्हणाल तर मी शपथेवर पद्माक्कांचं नाव घेईन. मक्याची कणसं भरली की शेतात पोपट उतरायचे. दोघी बहिणी राखणीला, हातात मातीची ढेकळं. नियम पद्माक्कांचा: पाखरू उडालं पाहिजे, पण त्याच्या अंगाला लागता कामा नये. लागलं तर त्या वेळचं जेवण बंद. सुनूचं नव्हे, आक्कांचं. एकदाच लागलं. आक्का पाणी पिऊन झोपल्या आणि सुनू रात्रभर रडली. त्यानंतर कधी लागलं नाही.

मी या डोळ्यांनी पाहिलंय. आठ वर्षांची पोर तीस पावलांवरून ढेकूळ मारायची आणि ते पोपटाच्या चोचीपासून चार बोटांवरून जायचं. पुढं परदेशातल्या भल्याभल्या फलंदाज हवेत बॅट फिरवून मागं बघत उभ्या राहिल्या, ते हेच ढेकूळ. अडचण एवढीच होती की सुरुवातीला तिचा चेंडू कशालाच लागत नसे. बेळगावचे प्रशिक्षक कंटाळून एक दिवस बोरगावात येऊन बसले. पद्माक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनूकडं वळल्या.

"मागं रोवलेल्या दांडक्याला जीव हाय काय गं?"

"न्हाय."

"मग हाण की."

पुढच्या वर्षी पोरगी राज्याच्या संघात आणि आणखी दोन वर्षांत देशाच्या.

मग आपल्याच देशात दिव्यांखालचे सामने वाढले. सुनू साडेपाचला जेवायची, सामना साडेसातला. एका रात्री शेवटचं षटक तिच्याकडं आलं तेव्हा पावणेअकरा झाले होते. तिसऱ्या चेंडूला तिच्या पोटरीत गोळा आला आणि ती खेळपट्टीवरच बसली. दोघींनी धरून बाहेर नेलं. सामना गेला आणि पुढच्या संघातून सुनूही गेली. टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले, व्यायाम कमी पडतोय. खरं कारण दोघी बहिणींना ठाऊक होतं. सुनूनं फोनवर सांगितलं होतं, "आक्का, खेळ सुटला तर सुटू दे. तू लावलेला नेम मी मोडणार न्हाय."

सात महिन्यांनी तिला पुन्हा घेतलं. पुन्हा रात्रीचाच सामना. दोन डावांच्या मधल्या वेळेत कॅमेरा खेळाडूंवरून फिरला आणि आमच्या गल्लीनं पाहिलं: सुनू दहीभात खात होती. रात्रीचे नऊ वाजले होते.

गल्लीतली निम्मी घरं जैन. शेजारचे भरमाप्पा हळूच म्हणाले, "पद्माक्का, पोरगी रातचं खायलीय."

"बघितलं," आक्का म्हणाल्या. "दही कमी घे म्हटलतं तिला."

शेवटचं षटक पुन्हा सुनूकडं आलं. पाच चेंडू बॅटपासून चार बोटांवरून गेले. सहाव्याला दांडकं उडालं. मी, वय वर्षं बावन्न, टीपॉयवर चढलो. बायकोनं पेढे वाटले. पद्माक्का रात्री खात नाहीत म्हणून त्यांचा पेढा मी डबीत घालून ठेवला.

तो द्यायचा राहून गेला. दोन दिवसांनी पुढचा सामना होता. साडेपाचला, बरोबर त्यांच्या जेवणाच्या वेळी, मी डबी घेऊन गेलो. ओटा पुसलेला, भांडी पालथी. आक्का गोठ्यात होत्या.

"जेवण झालं?"

"बाराला जेवलो."

"आणि आता?"

"आता न्हाय. आज मॅच हाय न्हवं."

मला उमगायला वेळ लागला. "परवाही असंच?"

"परवा बी."

"पण सुनू रात्री खायला तयार कशी झाली?"

"मी म्हटलं, मॅच असली की चालतंय, विचारून घेतलंय."

"कुणाला विचारलंत?"

"म्हशीला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. वैरण पुढं सारत म्हणाल्या, "शास्त्रात बसतंय का न्हाय, मला ठाऊक न्हाय. नेम मीच लावलता. तिला तिकडं जमंना, तेवढा मी हिकडं धरतो. शाळंला जाताना ती चेंडू घिऊन पुढं पळायची, दप्तर माझ्याच खांद्यावर असायचं की." मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, "तिला ह्यातलं सांगू नका, गुरुजी. घास अडकंल तिचा."

पेढा घेऊन मी परत आलो.

रात्री त्या नेहमीसारख्या आल्या, टीव्हीसमोर खाली बसल्या. मधल्या वेळेत कॅमेरा सुनूवर आला. तिच्या हातात डबा होता आणि ती घाईघाईनं खात होती. गल्ली धावसंख्येवर भांडत होती. मी आक्कांकडं बघत होतो. त्यांचे हात मांडीवर मोकळे होते, पण तिकडं सुनू चावेल तसा इकडं त्यांचा जबडा हळूहळू हलत होता.

"निधान," त्या पडद्याला म्हणाल्या. "निधान खा."