दादारावची टिचकी

सन दोन हजार चोवीस, माझं वय बाहत्तर. आमच्या मोहगावात दादारावनं टिचकी मारली नाही अशी वस्तू उरली नव्हती. माठ, दार, पपई, नव्या जावयाची सुटकेस. तहसीलच्या साहेबाचं टक्कल तेवढं वाचलं.

पण संत्र्यावर त्याची टिचकी पडली, की आतल्या फोडी रसाच्या का सुक्या, हे तो न सोलता सांगे. "आवाज लबाड नसते, भाऊ," हे त्याचं ठरलेलं. मी चौथी शिकलो, तो दुसरी. म्हणून माझं कधी ऐकत नसे.

नागपूरकडे एक टेक्नॉलॉजी पार्क आहे. तिथं विद्यापीठवाले आणि कारखानेवाले एकाच छताखाली काम करतात. प्रोफेसरबाईंना संत्र्याचा आवाज ओळखणारी मशीन बनवायची होती, कारखान्याच्या मालकाला ती विकायची होती, आणि सुकं संत्रं दोघांनाही ओळखता येत नव्हतं. म्हणून दादारावला बोलावणं आलं. सोबत मी.

पार्कात मालक दादारावच्या उजव्या अंगाला उभा राहून म्हणाला, "काका, रसाचे डावीकडे ठेवा, सुके उजवीकडे."

दादारावनं एकेक संत्रं डाव्या कानाशी धरून टिचकी मारली आणि वीस संत्री मांडली. कापली, तर सगळी उलटी!

"मॅडम, याच्यापेक्षा आमचा चौकीदार बरा," मालक हसला.

बाई हसल्या नाहीत. "वीसच्या वीस उलटी? म्हणजे काकांनी वीसही ओळखली. काका, उद्या परत या."

मला तिथं कोणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. परतीच्या बसमध्ये मी बजावलं, "मी नाही येऊन राहिलो उद्या." दादाराव खिडकीबाहेर पाहत होता. तीनदा सांगितलं. शेवटी मी त्याचा खांदा हलवला.

"त्या बाजूनं नको बोलू," तो म्हणाला. "उजवा कान गेला. डावाही जाऊन राहिला."

"पोराले सांगितलं?"

"पुण्याहून फोन करते तो. मी नुसतं हो, हो म्हणतो. काय म्हणते, समजत नाही." पिशवीतलं संत्रं काढून त्यानं डाव्या कानाशी टिचकी मारली. "हे तेवढं येते ऐकू. तेही जायच्या आत मशीनले शिकवूनच सोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याआधी स्टँडवर हजर. घरची प्लास्टिकची खुर्ची सोबत घेतली होती. पार्कात ती दादारावच्या डाव्या अंगाला मांडली, आणि बाई जे बोलतील ते त्याच्या कानात ओरडायला बसलो.