मावशीची सीट

नथ्थूजी कंडक्टरच्या मावशीला मिशा होत्या. चांगल्या दणकट, टोकाला पीळ दिलेल्या. आदल्या दिवशी त्याच मावशीच्या मांडीवर तान्हं मूल होतं, आणि त्याच्या थोडे दिवस आधी ती कुबडी टेकत मोटारीत चढली होती.

मी सांगतो आहे ते पन्नासच्या दशकातलं. मी केळझरच्या शाळेत मास्तर होतो आणि राहायला वर्ध्याला. सकाळी वर्ध्याहून निघणारी, सेलूवरून केळझरला जाणारी खाजगी मोटार हा माझा रोजचा रस्ता. त्या मोटारीचा कंडक्टर नथ्थूजी. अंगानं काटकुळा, आवाज मात्र मोटारीच्या भोंग्यापेक्षा मोठा. गळ्यात तिकिटांची झोळी, खांद्यावर लाल काठाचा दुपट्टा.

हा दुपट्टा खांद्यावर फार वेळ राहत नसे. मोटार वर्ध्याच्या अड्ड्यावर लागली की नथ्थूजी पहिल्यांदा आत चढायचा आणि दारालगतच्या खिडकीच्या जागेवर तो दुपट्टा अंथरायचा. मग बाहेर येऊन ओरडायचा, "चला बावा, सेलू, केळझर!" लोक घुसायचे, मोटार ठासून भरायची, माणसं दांड्याला लोंबकळायची. पण दुपट्ट्याची जागा मोकळी.

"नथ्थूजी, ही सीट खालीच दिसते."

"खाली कायची? माह्या मावशीची हाय ते."

"कुठं आहे मावशी?"

"येऊन राह्यली हाय."

आणि मावशी यायची. वाटेत कुठेतरी कुणी तापानं फणफणलेला, कुणी पाय मोडलेला, कुणी आठवा महिना लागलेली हात करायची. नथ्थूजी दुपट्टा झटकून म्हणायचा, "बस मावशी, तुह्यीच वाट पाहून राह्यलो होतो." समोरच्याला मिशा असल्या तरी 'मावशी'च. मिशा होत्या त्या गणबा लोहाराच्या. त्याला हिवताप भरला होता. पण मावशी म्हटल्यावर तो तापातही उठून उभा राहिला होता. "मले मावशी म्हनते? मी काय लुगडं नेसलो हाय?" नथ्थूजीनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि सगळ्या मोटारीला सांगितलं, "रागीट हाय माही मावशी. लहानपनापासूनच."

तसं त्याचं सगळ्यांशीच काही ना काही नातं होतं. जाड माणूस दारात अडकला की तो 'मामा'. टपावर चढवलेली बकरी 'सूनबाई'. "सूनबाईले नीट बांधा, सासऱ्याच्या डोक्यावर लेंड्या पडून राह्यल्या." हेडमास्तरांना तो 'व्याही' म्हणायचा, आणि ते रागावले की आम्ही मास्तर मंडळी आनंदात असायचो.

एकदा त्या जागेवरून चांगलंच वाजलं. सरूबाई नावाची एक बाळंतीण दवाखान्यातून मूल घेऊन गावी निघाली होती. तिच्या वस्तीनं नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. नथ्थूजीनं तिला दुपट्ट्याच्या जागेवर बसवलं. शेजारच्या जागेवर आमचे एक पाटील होते, ते ताडकन उभे राहिले.

"नथ्थू, हे तुही मावशी होय?"

"होय तं."

"हिची जात मालूम हाय तुले?"

"पाटील, मावशीची जात कोनी इचारते काय? तुमी उभे कायले राह्यले? पाय आखडले काय?"

सरूबाई खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, "राहू द्या उभं. हवा लागते मंग माह्या लेकराले." पाटील केळझरपर्यंत उभे राहिले. बसायला सांगायची कुणाची छाती झाली नाही, आणि आपण होऊन बसायची त्यांना सोय उरली नाही.

नथ्थूजीची आणखी एक खोड होती. सेलू सोडलं की पुढे एक चिंचेचा फाटा लागायचा. तिथून एक बैलगाडीची वाट आत कुठेतरी जायची. तिथे चढणारं-उतरणारं कुणी नसलं तरी नथ्थूजी मोटार थांबवायचा. खाली उतरून त्या वाटेकडे बघायचा. मग मोटारीच्या पत्र्यावर दोन थापा मारून आत यायचा. ड्रायव्हरलाही सवय झाली होती.

या दोन खोडी जोडून मी एक विनोद केला. शाळेत मधल्या सुट्टीत मी म्हणालो, "नथ्थूजीची खरी मावशी चिंचेच्या फाट्याला राहते. नवरा शेतावर गेला की येते." मास्तर मंडळी खदखदून हसली. मला फार बरं वाटलं. विनोद सेलूला पोचला, वर्ध्याला पोचला. कुणाचं बाहेर काही सुरू असलं की लोक म्हणू लागले, "त्यानं मावशीची सीट धरून ठेवली हाय." गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत एका पोरानं तेच वाक्य टाकलं आणि पंगत हसली. मोटार गेली, नथ्थूजी गेला, माझे दात गेले. तो विनोद तेवढा धडधाकट आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

तर तो विनोद मोटारमालकाच्याही कानावर गेला. एका सकाळी शेठ स्वतःच अड्ड्यावर हजर. चांगला भरदार माणूस. धोतराचा सोगा सावरत वर चढले आणि दुपट्ट्यासमोरच दांडा धरून उभे राहिले.

"नथ्थू, लोक म्हनून राह्यले का माह्या मोटरीत तू बाईसाठी जागा धरते. आज मी तुह्या मावशीले भेटूनच जातो. नाई भेटली तं हे झोळी उद्या दुसऱ्याच्या गळ्यात."

"भेटन ना शेठ. येऊन राह्यली हाय," नथ्थूजी म्हणाला. पण आवाज नेहमीचा नव्हता. झोळी गेली असती तर त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि जायला घरही नव्हतं. तो मोटारीतच झोपायचा.

मोटार निघाली. आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, रस्त्यात एकही आजारी माणूस भेटेना. एक लंगडा नाही, एक म्हातारी नाही. एका थांब्यावर ठणठणीत नवरदेव चढला. सेलूला तर कुस्त्यांच्या दंगलीला निघालेले चार पैलवान चढले. एवढं आरोग्य त्या रस्त्याला पुन्हा कधी आलं नाही. नथ्थूजी प्रत्येक थांब्यावर खाली वाकून बघायचा. एका पैलवानाला त्यानं आशेनं विचारलंही, "तब्येत बरी हाय ना बावा?" पैलवानानं दंड फुगवून दाखवला.

सेलू मागे पडलं. शेठ घामानं निथळत होते. म्हणाले, "बस्स झालं. सांग आता, कोठी हाय मावशी?"

नथ्थूजी गळ्यातली झोळी चाचपू लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "शेठ, मावशी मी हाय."

सगळ्या माना वळल्या. गणबा लोहार उभा राहिला होता. मिशांवरून हात फिरवत म्हणाला, "हसू नका बे. हिवताप होता मले. त्या सीटवर बसूनच घरी गेलतो."

"मीबी हाय मावशी," सरूबाई म्हणाली. मूल आता रांगतं झालं होतं आणि तिच्या पदराशी झोंबत होतं. "याले घेऊन त्याच सीटवर बसली होती मी. पाटलाले मालूम हाय, इचारा."

सगळे पाटलांकडे बघू लागले. पाटील खाकरले, टोपी काढली, घातली. "मीबी हाय," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "एक डाव. कंबरेत उसन भरली होती."

मोटारीत असा हशा उसळला की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मग कुणी म्हणे माझा पाय मुरगळला होता, कुणी म्हणे माझ्या सुनेला चक्कर आली होती. मीही एकदा त्या जागेवर बसलो होतो; मुदतीच्या तापातून उठल्यावर. मी बोललो नाही. विनोद कुणाचा, हे त्यात बाहेर येईल अशी मला भीती होती. मी छत्रीच्या मुठीकडे बघत राहिलो.

शेठ चक्रावून गेले. "अबे, एवढ्या मावश्या?"

नथ्थूजीच्या जिवात जीव आला. त्यानं शेठच्या थरथरत्या पायांकडे बघितलं, दुपट्टा झटकला. "शेठ, वर्ध्याहून उभे हा तुमी. पाय सुजले असतीन. बसा. आज मावशी तुमीच."

शेठनं एकदा मोटारभर नजर फिरवली. मग हुश्श करून बसले. झोळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चिंचेचा फाटा आला. मोटार थांबली. नथ्थूजी नेहमीसारखा उतरला. मीही मागोमाग उतरलो. का ते सांगता येत नाही; आत बसवेना एवढं खरं. तो वाटेकडे बघत उभा होता. इतके दिवस आम्ही त्याच्या उभं राहण्याला हसलो होतो, पण विचारलं कुणीच नव्हतं.

"नथ्थूजी, कुणाला बघता?"

"मावशीले," तो म्हणाला. मला आधी वाटलं, गंमत करतो आहे.

"आई मेली तवा मी एवढासा होतो. मावशीनं वाढवलं. तिच्या गावाले जाते हा रस्ता. मले झोळी भेटली तवा म्हने, नथ्थू, मले एक डाव बसव तुह्या मोटरीत. एक रोज नवं लुगडं नेसून ह्या चिंचेखाली उभी होती. सांगतलं नाई, काई नाई. बाजाराचा दिवस होता, गुरुजी. मोटर ठासून भरली होती. मी दारातूनच म्हनलं, मावशी, आज नाई. उद्या येजो. उद्या सीट धरून ठेवतो."

"मग?"

"मंग धरून ठेवली ना. तेच आली नाई कधी."

वाटेवर धूळ होती. दूरवर एक बैलगाडी पाठमोरी चालली होती.

खिडकीतून शेठनं डोकं बाहेर काढलं. "नथ्थू! काऊन थांबला? कोनी येऊन राह्यलं काय?"

नथ्थूजीनं पुन्हा एकदा वाटेकडे बघितलं.

"आज नाई, शेठ," तो म्हणाला, आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.