जिन्याखालची बिऱ्हाडं

घोडपदेवच्या त्या चाळीत दत्ताराम परबला विचारल्याशिवाय कोणी भिंतीत खिळाही ठोकत नसे, असं निदान दत्तारामचं मत होतं. गिरणीत तो जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, आणि चाळीत संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस. शनिवारी चौकात सभा होती. जागेची पाहणी करताना त्याला जिन्याखालच्या कोरड्या मातीत पेन्सिल जाईल एवढी वीसेक भोकं दिसली. एकातून मधमाशीसारखी माशी निघाली.

"पोळां होण्याआधी बंदोबस्त," म्हणत त्याने सगळी भोकं चिखलाने लिंपून टाकली.

पोळं होणारच नव्हतं. या माश्यांत प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं, शेजारणीशी संबंध नाही. जाणं-येणं तेवढं एकाच ठिकाणी: दत्तारामच्या बायकोने, सुंदराबाईने, पत्र्यावर चढवलेल्या भोपळ्याच्या वेलावर; तिथे फुलाफुलांत पराग नेणाऱ्या त्याच. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीत, माटवीत, टांगायला यंदा घरचा भोपळा, असं तिने गावी सासूबाईंना कळवून टाकलं होतं. गेल्या वर्षीच्या विकतच्या भोपळ्याला त्यांनी विसर्जनापर्यंत नावं ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी वेलाखाली फुलांचा सडा पडला. फळ एकही धरलं नव्हतं. माश्या फुलं सोडून जिन्याखाली बंद दारांपुढे घिरट्या घालत होत्या.

"काय केलात ह्या?" सुंदराबाईने विचारलं.

"माश्यांचो बंदोबस्त."

"भोपळ्याचो केलात. आता आवशीक तोंड तुमीच दाखवा."

मॅनेजरशी हुज्जत घालणारा दत्ताराम जगात फक्त आईला घाबरत असे. बायकोच्या केसातला आकडा घेऊन तो मुकाट्याने जिन्याखाली बसला आणि एकेक भोक मोकळं करू लागला. तेवढ्यात पाठीमागे बूट वाजले. सभेआधी चाळीवर नजर ठेवायला आलेला हवालदार रघुवीर तावडे.

"काय पुरतोस रे? पत्रकं?"

"पुरत नाय, उकरतंय," दत्ताराम म्हणाला आणि त्याने सगळी हकीकत सांगितली.

हवालदारही त्याच्याच मुलखातला, कुडाळचा निघाला. तो वाकून भोकं बघू लागला. मग त्याने काठीने कोपऱ्यात दाखवलं. "ता एक राहिला बघ."

शनिवारी सभा जोरात झाली. हवालदाराला भाषणं टिपायची होती, पण तो पूर्ण वेळ जिन्याला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने तिकडे कोणाला फिरकू दिलं नाही.

चतुर्थीला गावाहून आलेल्या सासूबाई माटवीकडे बराच वेळ बघत राहिल्या. "भोपळो बरो असा. कोणी वाढवल्यान?"

"मीच," दत्ताराम म्हणाला.

दर्शनाला आलेल्या हवालदाराने तोंडातला मोदक गिळला. "खरा असा, आये. मी स्वतः पकडलंय त्याका. हातात वयनीचो आकडो होतो."