एक वाक्य प्रलंबित आहे

रेकॉर्डकीपर साहेबांच्या घरात गेली तीन वर्षं भांडण लेखी होत असे. तोंडी भांडणात दुसऱ्या दिवशी "मी असं म्हणालेच नव्हते" म्हणायला वाव राहतो, आणि चाळीस हजार फायली सांभाळणाऱ्या माणसाला असला ढिसाळपणा कसा चालावा? तेव्हा साहेब पुढच्या खोलीतून मेसेज करत आणि बायको मागच्या खोलीत शिलाई मशीन थांबवून उत्तर देई. मध्ये एक भिंत. हळूहळू भाजी कुठली करायची तेही लेखी झालं आणि घरात कशी छान शांतता नांदू लागली.

मंगळवारी संध्याकाळी मात्र घात झाला. पडद्याच्या मापावरून निघालेला वाद चांगला रंगात आला होता. बायकोचा मेसेज आला, "बास झालं. ठरवलंय मी. उद्यापासून मी". आणि नेट गेलं. बाईंना तुकड्यातुकड्यांत लिहायची सवय, त्यामुळे पुढचा तुकडा त्यांच्याच फोनमध्ये अडकून बसला.

उद्यापासून मी काय? साहेबांनी मेसेज पुन्हा वाचला. तेवढ्यात भिंतीपलीकडे कपाटावरची मोठी बॅग खाली ओढल्याचा आवाज आला. बावीस वर्षांचा संसार, आणि ही चालली की काय? उठून विचारावं असं एकदा वाटलंही. पण तोंडी विचारणं म्हणजे पद्धत मोडणं, आणि ती आधी कोणी मोडली हे जन्मभर ऐकावं लागलं असतं.

बुधवारी त्यांनी रजा टाकली. घरात रेंज नव्हती, बाल्कनीच्या कोपऱ्यात कमरेत वाकून उभं राहिलं की बोलण्यापुरती मिळे. तशा अवस्थेत वीस मिनिटं फोनवर वाट बघायला लावणारी बासरी ऐकल्यावर नेट कंपनीतली मुलगी बोलली. तिने तक्रारीचं स्वरूप विचारलं.

"एक वाक्य प्रलंबित आहे," साहेब म्हणाले.

"कोणाचं, सर?"

"बायकोचं."

"मॅडम परगावी आहेत का?"

"पलीकडच्या खोलीत."

मुलीला यात काहीच वावगं वाटलं नाही. असल्या तक्रारींसाठी वेगळा रकानाच होता. मधलं अंतर किती, तिने विचारलं. एक भिंत, साहेब म्हणाले. मग सिग्नल वाढवणारा बूस्टर सुचवून तिने चौदा आकडी तक्रार क्रमांक सांगायला घेतला.

नेमकी तेव्हाच बायको बाल्कनीच्या दारात आली आणि चक्क तोंडाने म्हणाली, "अहो, चहा टाकू का?" साहेबांनी हातानेच तिला गप्प केलं. एक आकडा चुकला असता तर पुन्हा बासरी. तिने पद्धत मोडल्याची नोंद मात्र त्यांनी मनातल्या मनात घेतली.

दुपारी ती पुन्हा आली. या वेळी खुर्ची ओढून बसली.

"जरा बसता का इथे? दोन शब्द बोलायचेत."

"थांब गं," साहेब कळवळून म्हणाले, "सकाळपासून तुझ्याच कामात आहे मी." आणि त्यांनी तक्रारीची सद्यःस्थिती विचारायला पुन्हा फोन लावला. ती बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत बसली, मग आत गेली. त्या दिवशी मशीन वाजलंच नाही.

चार वाजता वायरमन आला. वायर नुसती सैल झाली होती. त्याने ती खोचली, दिवा हिरवा झाला आणि साहेबांच्या हातातला फोन थरथरला.

"तोंडानेच बोलणार. उद्या दिवसभरात एकदा जरी बसून ऐकलंत तर राहीन. नाहीतर ताईकडे जाईन. फोन इथेच ठेवणार आहे."

वायरमन शिडी आवरत म्हणाला, "काकू भेटल्या जिन्यात. बॅग जड होती म्हणून खाली गाडीपर्यंत दिली नेऊन."

साहेबांना रडू कोसळलं. खरोखर, हुंदके देऊन रडले ते. मग डोळे पुसून त्यांनी घाईघाईने लिहिलं, "अगं, आत्ता आलं नेट. बोल, ऐकतोय." पलीकडच्या खोलीत, मशीनच्या खणात, फोन वाजला. साहेबांचा जीव भांड्यात पडला. मेसेज पोचला होता.

हसा, खुशाल हसा. पण हे वाचत होतात तेव्हा आतल्या खोलीतून तुम्हालाही कोणीतरी काहीतरी विचारलं. तुम्ही "हं" म्हणालात. काय विचारलं होतं?