दोन लाख ऐंशी हजार

देणगी मागायला गेलेल्या माणसाने ‘पैसे’ हा शब्द उच्चारला की तो संपला, असं मार्लिसचं ठाम मत होतं. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रात मोठे देणगीदार गाठण्याचा विभाग ती अकरा वर्षं सांभाळत होती. पाच-दहा डॉलरवाल्यांना तिचे सहकारी फोन करत. मार्लिस मोठ्या माशांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत असे.

यंदा प्रश्न प्रक्षेपणाच्या मनोऱ्याचा होता. मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने तो असा कलला होता, की पुढच्या बर्फाआधी नवा उभा राहिला नाही तर तीन जिल्ह्यांत रेडिओ मुका होणार होता. केंद्रप्रमुख प्रेस्टनची रात्रीची झोप उडाली होती. मार्लिसने त्याला सांगितलं, “निश्चिंत राहा. मी टोस्ट्रुडांकडे चाललेय.”

ऑर्विल टोस्ट्रुड म्हणजे बियाण्यांचा धंदा विकून निवृत्त झालेले, तीन वर्षांपूर्वी बायको गेलेले, अंगावर एकच जाकीट आणि बँकेत किती ते देवाला ठाऊक. देणगीबद्दल बोलायला येऊ का, असं तिने फोनवर विचारलं, तर म्हणाले, बरं झालं, मी तुमच्या माणसाची वाटच बघत होतो. मासा स्वतःहून होडीत उडी मारत होता!

स्वयंपाकघरात त्यांनी कॉफी ओतली, रुबार्बच्या आंबटगोड वड्या पुढे केल्या. मार्लिसने हवापाण्यापासून सुरुवात केली आणि हळूच वळण घेतलं.

“इतकी वर्षं जपलेलं असं देऊन टाकणं सोपं नसतं, मिस्टर टोस्ट्रुड.”

“नसतंच. बायकोचा फार जीव होता. पण तीच म्हणायची, पोरांना देऊ नका, वाट लावतील. रेडिओवाल्यांना द्या.”

मार्लिसने कप बाजूला सरकवला. मग खुर्ची जरा पुढे घेतली. “आम्ही मनात अडीच लाखांचा आकडा धरलाय.”

आकडा सांगितला की तोंड बंद ठेवायचं, हा तिचा दुसरा नियम. म्हातारबुवांनी बराच वेळ कॉफी ढवळली.

“अडीच नाही, बाई. दोन लाख ऐंशी हजार. खोटं कशाला सांगू?”

अकरा वर्षांत कोणी स्वतःहून आकडा वाढवला नव्हता. मार्लिस जरा मोकळ्या हवेचं निमित्त काढून अंगणात गेली आणि तिने प्रेस्टनला फोन लावला. पलीकडे आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग प्रेस्टन कोणाला तरी केक आणायला पिटाळताना ऐकू आला.

ती परत आली तेव्हा टेबलावर किल्ल्या होत्या.

“दोन लाख ऐंशी हजार मैल झालेत खरे,” ऑर्विल म्हणाले, “पण इंजिन ठणठणीत आहे. मुलीने तुमच्याकडे अर्ज भरून दीड महिना झाला. जुन्या गाड्या देणगीत घेऊन विकता ना?”

खिडकीतून दिसत होता तो तपकिरी पिकअप ट्रक. धुऊन पुसून, चाकांत हवा भरून, नवऱ्या मुलासारखा उभा.

मार्लिसने किल्ल्या उचलल्या आणि परत ठेवल्या. मग तिने सगळं सांगून टाकलं: मनोरा, अडीच लाख आणि अंगणातला फोनसुद्धा. ऑर्विलनी पूर्ण ऐकून घेतलं.

“मग सरळ पैसे हवेत म्हणायचं,” ते म्हणाले. “रेडिओवर तर वर्षातून दोनदा आठवडाभर मागत असता. मनोऱ्याचं बघू, विचार करतो. ट्रक मात्र आजच न्या. पेट्रोल भरून ठेवलंय.”

‘विचार करतो’ म्हणणारा माणूस निम्मा आपला असतो, हे मार्लिसला पक्कं माहीत होतं. तिने आपली गाडी मुद्दाम त्यांच्या अंगणातच ठेवली. न्यायला परत यावं लागणारच होतं. नव्वद मैल ती खडखडत आली, आणि बोलण्याची जुळवाजुळव करून जवळजवळ ऐटीतच केंद्रासमोर थांबली.

पायऱ्यांवर सगळे टाळ्या वाजवत होते. फक्त ट्रकचं दार आतून उघडेना. तिने खांदा लावला, लाथ मारली, शेवटी हॉर्न वाजवला. केकची सुरी हातात घेऊनच प्रेस्टन धावत आला आणि त्याने बाहेरून दार ओढलं.

“देणगी कुठाय?”

“तिचंच दार धरून उभे आहात,” मार्लिस म्हणाली, “सोडू नका, निखळतं.”