खवय्या विरुद्ध स्पष्टवक्ता

रविवारच्या पेपरात ‘शहरातली दहा सर्वोत्तम हॉटेलं’ अशी यादी आली आणि नानांचा चहा कपातच गार झाला. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. भूमापन कचेरीमागचं सहा टेबलांचं हॉटेल तिच्यात कुठेच नव्हतं! नोकरीची बावीस वर्षं नाना दुपारी तिथलंच टोमॅटोचं सूप प्यायले होते, तेही खिडकीजवळच्या ठरलेल्या खुर्चीवर बसून. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीनदा त्यांचे पाय आपसूक तिकडे वळत.

“अगं, ही यादी नाही, शुद्ध वशिलेबाजी आहे!”

“मग लिहा की पेपरला पत्र. तेवढंच घर शांत राहील,” बायको म्हणाली.

नानांनी लिहिलं. झकास लिहिलं. ‘त्या सुपाचा पहिला घोट घेतला की माणूस वैऱ्यालाही माफ करतो,’ असं एक वाक्य तर त्यांनी स्वतःच चारदा वाचलं. खाली सही ठोकली, ‘खवय्या’. पुढच्या रविवारी पत्र छापून आलं आणि संपादकांनी चूक सुधारून हॉटेलला चौथा नंबरही देऊन टाकला.

सोमवारी नाना शाबासकी घ्यायला गेले, तर रांग शेजारच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत पोचलेली. नानांच्या खुर्चीवर एक तरुणी बसून सुपाचे फोटो काढत होती. सूप निवून साय धरायला आलं, तरी तिचं समाधान होईना.

“नाना, तुमच्या पत्रानं सोनं केलं हो!” मालक घाम पुसत म्हणाला. “हा घ्या तुमचा नंबर. सत्तेचाळीस.”

नाना उपाशीपोटी घरी आले आणि तडक टेबलाशी बसले. या वेळी त्यांनी हिरव्या शाईचं पेन घेतलं, तेही डाव्या हातात, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हातानं फार लिहवत नाही, त्यामुळे भाषा आपोआप तिखट झाली. ‘सूप कसले? चमचे धुतलेले पाणी. खवय्याची जीभ तपासून घ्या. स्पष्टवक्ता.’

गर्दी आता ओसरेल, असा नानांचा हिशेब होता. पण चमचे धुतलेलं पाणी कसं लागतं ते पाहायला निम्मं शहर लोटलं. रांग शिंप्याला ओलांडून दवाखान्याच्या दारात गेली. त्यात मालक रडवेला होऊन नानांच्या घरी आला.

“नाना, कोण हो हा मेला स्पष्टवक्ता? त्याला असं उत्तर द्या की पुन्हा तोंड वर काढता कामा नये!”

नानांना नाही म्हणवेना. निळ्या शाईत त्यांनी स्पष्टवक्त्याचं कूळ काढलं. मग स्पष्टवक्त्यालाही गप्प बसवेना. तीन रविवार हे युद्ध चाललं आणि नाना त्यात इतके गुंतले, की ‘खवय्याला मेंदूच्या जागी मैदा आहे’ हे आपणच लिहिलेलं वाचून त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

“पाहिलंस? मैदा म्हणतोय मला!”

“तुम्हीच ना तो?” बायकोनं टेबलावरची दोन्ही पेनं त्यांच्यासमोर धरली.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला. खवय्या आणि स्पष्टवक्ता यांची जाहीर समोरासमोर गाठ, रविवारी दुपारी, त्याच हॉटेलात. स्पष्टवक्त्याचा पत्ता नव्हता, म्हणून त्याला पेपरातून आमंत्रण दिलं होतं. न आल्यास त्याला भित्रा ठरवण्यात येणार होतं.

“ठरू दे भित्रा,” नाना म्हणाले. पण त्यांचा डावा हात शिवशिवू लागला.

“मी येते स्पष्टवक्ता म्हणून,” बायको म्हणाली. “बावीस वर्षांत एकदाही नेलं नाहीत मला तिथे.”

“ये. पण दोन शब्द टीका कर आणि माघार घे. कळलं?”

“बरं,” बायको म्हणाली. या ‘बरं’चा अर्थ लग्नाला इतकी वर्षं होऊनही नानांना लागला नव्हता.

रविवारी हॉटेलात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायकोनं एक चमचा सूप घेतलं आणि डोळे मिटले.

“टोमॅटो साल न काढता घातलेत,” ती म्हणाली. “कांदा करपलाय. आणि दाट दिसावं म्हणून यात पीठ कालवलंय. आत शेगडी कुठेय?”

“अगं, माघार घे!” नाना कुजबुजले. पण ती बाह्या सरसावून केव्हाच आत गेली होती.

अर्ध्या तासानं ताजं सूप बाहेर आलं. लोकांनी वाट्या चाटूनपुसून लख्ख केल्या. संपादक वही सरसावून वळले. “खवय्येसाहेब, आपलं मत?”

नानांनी घोट घेतला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. हे तर दर गुरुवारी घरी होणारं सूप! दर गुरुवारी ते पिऊन नाना म्हणत आले होते, “हॉटेलची सर नाही.” चांगलं म्हणावं, तर इतक्या वर्षांचं आपलं मत मातीत जाणार. वाईट म्हणावं, तर समोर बायको उभी, हातात पळी.

“आणखी एक वाटी मिळेल का?” नाना खाली मान घालून म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकानं बायकोचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. संपादकांनी तर तिथल्या तिथे जाहीर केलं, की यापुढे शहरातली उत्तम हॉटेलं स्पष्टवक्त्याबाईच ठरवतील.

आता ती रोज दुपारी एका हॉटेलात जेवते आणि स्वयंपाकघर नानांकडे आलं आहे. काल त्यांनी जिवाचा आटापिटा करून सूप केलं, साल काढून, कांदा न करपवता. ती दमूनभागून घरी आली तशी वाटी पुढे ठेवली.

तिनं एक चमचा घेतला. डोळे मिटले. मग पिशवीतून वही काढून काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

“काय लिहिलंस?” नानांनी विचारलं.

“रविवारी छापून येईल,” ती म्हणाली.