क्रेनखालचा अंगठा

मामा दारात येऊन उभा राहायला फार तर अर्धा तास उरला होता, आणि भिंगरीचा अंगठा जहाजाला चिकटला होता.

जहाजही काही ऐरंगैरं नव्हतं. मामा ज्या मालवाहू जहाजाचा कप्तान होता, त्याचीच ही हातभर प्रतिकृती. आज तो कायमचा निवृत्त होऊन थेट जेवायला येणार होता आणि ही त्याच्यासाठी भेट. सगळं जहाज जुन्या मॉडेलांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून उभं केलेलं: केबिन मोडक्या रणगाड्याची, मागचा पंखा विमानाचा, कंटेनर म्हणजे रंगवलेल्या काडेपेट्या. क्रेन मात्र हेलिकॉप्टरची शेपटी होती, आणि शेपटीला ताठ उभं राहायची सवय कुठून असणार? म्हणून भिंगरीनं ती अंगठ्यानं दाबून धरली. गोंद ओघळला. आणि वाळला. अगदी छान वाळला!

"आई गंऽऽ!"

आई झारा घेऊनच धावत आली. "अगं, नेलपॉलिश काढायचं औषध लाव ना!"

"त्यानं प्लास्टिक विरघळतं! क्रेनचा चिखल होईल."

"मग गरम पाण्यात बुडव."

"काडेपेट्या भिजतील!"

"जहाज आहे ना ते?" दादानं नाक खुपसलं. "आणि पाणी चालत नाही? मामाला सांगच हे."

भिंगरीचं पहिलं जहाज मामानं एक डोळा मिटून बघितलं होतं आणि तो म्हणाला होता, "हे धक्क्यालाच बुडेल." त्याच्या तोंडून एक 'वा' ऐकायचा, एवढ्यासाठी तर हा सगळा जिवाचा आटापिटा!

दादानं अंगठ्याखालून दोरा घालून खस्सकन ओढला. अंगठा जागच्या जागी. मागचा पंखा मात्र टप्पकन खाली.

"मेल्या, काय केलंस!" भिंगरी किंचाळली.

"थांब, थांब, लावतो!" म्हणत त्यानं अर्धी ट्यूब ओतून पंखा परत चिकटवला. तेवढ्यात बेल वाजली.

मामा आला. बॅग खाली ठेवली, वाकला, एक डोळा मिटला.

"क्रेन जरा वाकडी आहे."

"हो," तिचा आवाज रडवेला झाला.

"आमचीही तशीच होती! कुणी सांगितलं गं तुला? वा! हात काढ, नीट बघू दे."

"निघत नाहीये, मामा."

मामा खदखदून हसला. "या जहाजातून सुटायला मला अख्खा जन्म लागला, आणि तुला अर्ध्या तासात सुटायचंय?" हसता हसता त्यानं कौतुकानं मागच्या पंख्याला बोट लावलं.

"नको! ओलाय तो!" भिंगरी आणि दादा एकदमच ओरडले.

मामानं बोट ओढलं. पुन्हा ओढलं. मग हळूच खुर्ची जवळ घेऊन भाचीशेजारी बसला.

आईनं एकच मोठं ताट वाढून आणलं आणि दोघांना आळीपाळीनं भरवायला लागली.

"बरं झालं," ती भावाला म्हणाली. "जन्मात पहिल्यांदाच 'जेवून लगेच निघतो' म्हणाला नाहीस."